एका इंजिनाचा रॉड दुसऱ्या इंजिनात : मुळशीतील आमचा अनुभव

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनाविषयी लिहावे हे वाचकांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या तीस वर्षांत आमचा जितका पैसा कापडात अडकला, जवळजवळ तितकाच डिझेलच्या इंजिनात अडकला. ज्या बांधवांचे दुकान, गिरणी, शिवणकारखाना किंवा यंत्रमाग खेड्यात आहेत त्यांना विजेच्या मीटरबरोबर एक इंजिनही सांभाळावे लागते, हे सांगण्याची गरज नाही. इंजिन जुने होते, त्याची बनावट बंद पडते आणि एक दिवस मिस्त्री वाकलेला लोखंडी दांडा हातात घेऊन म्हणतो, "सेठ, याचा कनेक्टिंग रॉड बाजारात मिळत नाही. दुसऱ्या इंजिनाचा बसवू का?" या प्रश्नाला हो म्हणावे की नाही, आणि हो म्हटले तर मिस्त्रीला पुढे काय विचारावे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्या कारागीर बांधवांनी आमच्या चुका पदरात घ्याव्यात.

मुळशी तालुक्याशी आमचा संबंध वडिलांपासूनचा. ते पुण्याहून कापडाचे गठ्ठे एस.टी.च्या टपावर टाकून पौडला नेत आणि शाळेला सुट्टी असली की आम्ही त्यांच्याबरोबर असू. हा भाताचा मुलूख. पाऊस असा की गठ्ठ्यावरचे मेणकापड काढायला उसंत मिळत नसे. दिवाळीनंतर मात्र गावोगाव भातगिरणीच्या इंजिनाचा आवाज सुरू व्हायचा. एका सिलिंडरचे संथ इंजिन, बाजूला पाण्याची टाकी, चामड्याचा पट्टा आणि छपरातून बाहेर काढलेला धुराचा नळ. त्या आवाजावरून माणसे गिरणी चालू आहे की बंद ते शेतातून ओळखत.

या मुलखाची एक गंमत कापडवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालेच, आणि १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. वीज मुंबईला गेली. मुंबईच्या कापडगिरण्या वर्षानुवर्षे टाटांच्या पाणविजेवर चालल्या. म्हणजे वडील पौडच्या बाजारात जे कापड विकत होते त्यात थोडे मुळशीचेच पाणी होते, आणि ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांचा भात मात्र तेलाच्या इंजिनावर भरडला जात होता. असो.

पुढे आम्ही पिरंगुटच्या पलीकडे भाड्याच्या शेडमध्ये शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना टाकला. अकरा मशिने, एक काजाचे मशीन, दोन इस्त्र्या. कारागीर बहुतेक आसपासच्या गावांतील स्त्रिया. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाने काय हाल केले ते वाचक विसरले नसतील. आम्ही सात हॉर्सपॉवरचे एक जुने डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर विकत घेतला. इंजिनाची बनावट तेव्हाच बंद पडलेली होती. स्वस्त मिळाले म्हणून घेतले, सुट्या भागांचे पाहून घेऊ असे म्हटले. व्यापारी माणूस स्वस्ताला भुलतो, दुसरे काय.

२००९ च्या मे महिन्यात शेवटच्या आठवड्यात ते इंजिन धरले. चूक संपूर्ण आमची. हंगामाच्या घाईत ऑईल बदलले नव्हते, पातळीही कोणी पाहिली नव्हती. मोठ्या तोंडाचे बेअरिंग वितळून क्रँकला चिकटले आणि रॉड वाकला. जूनच्या १० तारखेला साडेचारशे गणवेश द्यायचे होते आणि कापलेला माल टेबलावर पडून होता.

हा रॉड करतो काय?

ज्यांनी इंजिन उघडलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली जातो, क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याच्या लहान तोंडात पितळी बुश असतो आणि त्यातून गजन पिन पिस्टनमध्ये जाते. मोठे तोंड दोन तुकड्यांचे असते. खालचा तुकडा म्हणजे कॅप, तो दोन बोल्टांनी आवळून क्रँकभोवती बसवतात, मध्ये बेअरिंगचे दोन अर्धे.

त्यावर ताण किती येतो याचा अंदाज आम्हाला मुळीच नव्हता. एक ओळखीचे इंजिन घेऊ. खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे टीव्ही-१ हे इंजिन देशभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत असते, त्यामुळे त्याची मापे सर्वांना ठाऊक आहेत. बोअर ८७.५ मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी., रॉडची मध्यापासून मध्यापर्यंत लांबी २३४ मि.मी., मिनिटाला १५०० फेरे. म्हणजे पिस्टन एका सेकंदात पंचवीस वेळा वर आणि पंचवीस वेळा खाली जातो. वरच्या टोकाला पोचून तो उलटा फिरतो तेव्हा त्याचे वजन जणू एकशे सत्तर पट होते. पिस्टन आणि पिन मिळून एक किलो धरले तर रॉडला १७० किलोचा हिसका बसतो. डिझेल पेटते तेव्हा तर पिस्टनवर साडेतीन ते चार टनांचा दाब येतो.

आता यातली मेख पाहा. डिझेल पेटताना रॉड दाबला जातो, तेव्हा बोल्टांवर ताण नसतो. पण जळालेला धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला अडवायला वर दाब नसतो. तो हिसका सगळा कॅपच्या दोन बोल्टांवर येतो. चार ठोक्यांच्या इंजिनात हे दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा होते. बोल्ट एका हिसक्याने तुटत नाही. तो थकतो, आणि एक दिवस जातो.

पहिली दुरुस्ती

ज्या वर्कशॉपमध्ये इंजिन नेले त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, घाई आमची होती आणि त्यांनी घाईचे काम केले. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दुसऱ्या एका इंजिनाचा भंगारातला रॉड त्यांनी आणला. आमचा रॉड २३० मि.मी., हा २३२. "दोनच मिलिमीटर, पिस्टनचे डोके खरादून टाकतो," असे मिस्त्री म्हणाला. आम्हाला ते पटले. कापडाच्या धंद्यात दोन मिलिमीटर शिलाईत जातात! मोठ्या भावाची पँट धाकट्याला बसवतो तसेच हे असेल, अशी आमची समजूत. एक बोल्ट जुना सापडला, दुसरा हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचा आणला. २८०० रुपयांत काम झाले आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. आम्ही मिस्त्रीला वर पन्नास रुपये बक्षीस दिले, हेही लिहून ठेवतो.

नवव्या दिवशी दुपारी तोफ उडावी तसा आवाज झाला. बोल्ट तुटला, कॅप सुटली आणि रॉडने चेंबरच्या बाजूचे तपासणीचे झाकण फोडले. बिडाचा एक तुकडा समोरच्या विटांच्या भिंतीत दोन बोटे घुसला. त्या भिंतीपाशी डिझेलचा कॅन ठेवलेला असे आणि आमचा मदतनीस मुलगा तो उचलून नुकताच बाहेर गेला होता. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. गणवेशांचा हिशेब डोक्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मशिनांच्या मोटरी काढून पुन्हा पायाचे पट्टे चढवले. आम्ही सांगितले नव्हते. काम निम्म्या वेगाने का होईना, पण सुरू राहिले.

उस्तादांची वही

मग आम्ही एका वृद्ध उस्तादांकडे गेलो. नाना पेठेत त्यांची लहानशी जागा होती. एक खराद, एक व्हाइस आणि भिंतीला टेकून ठेवलेले क्रँक. आता ते हयात नाहीत. त्यांनी इंजिन पाहिले आणि विचारले, "भाई, तुटलेल्या रॉडची माप कुठे आहेत?" आमच्याकडे कसली मापे! त्यांनी शाळेची चौकटीची वही काढली आणि पहिले दोन दिवस फक्त मोजण्यात घालवले. नोंदी उर्दूत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून आम्हाला त्या वाचता आल्या आणि त्यामुळेच हा लेख लिहिता येत आहे.

त्यांचे पहिले वाक्य हिशेबाचे होते. क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या माथ्यापर्यंतची उंची ठरलेली असते. तीत अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची, ही तीन मापे बसवावी लागतात. एक वाढवले तर दुसरे कमी करायला हवे. रॉड दोन मि.मी. लांब घेतला तर पिस्टन दोन मि.मी. वर येणार आणि हेडवर आपटणार, कारण डिझेल इंजिनात तेथे मोकळी जागा जेमतेम एखादा मिलिमीटरच असते.

रॉड आखूड घेतला तर? आपटणार नाही, पण दुसरे संकट येईल. टीव्ही-१ चाच हिशेब करू. दर मिलिमीटर उंचीला सुमारे ६ घन सें.मी. जागा. दाबाचे प्रमाण १७.५ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ४० घन सें.मी. असते. रॉड एकच मि.मी. आखूड झाला की ती ४६ होते आणि प्रमाण १५.३ वर येते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापते त्यावर डिझेल पेटते. दाब कमी झाला की हिवाळ्यात सकाळी हँडल मारून माणूस घामाघूम होतो आणि इंजिन नुसता पांढरा धूर टाकते. पुष्कळ लोक अशा वेळी नोझल बदलत बसतात.

पिस्टनचे डोके खरादण्याला उस्तादांचा सक्त विरोध होता. डोके पातळ झाले की उष्णता सोसत नाही आणि वरच्या रिंगचा खाचा आगीच्या जवळ येतो. त्यांनी वेगळा मार्ग काढला. सिलिंडरच्या बुडाखाली दोन मि.मी. जाडीची पोलादी पट्टी, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून सपाट केलेली. सिलिंडरच दोन मि.मी. वर उचलला. अनेक एक-सिलिंडर इंजिनांत तेथे मुळातच पॅकिंग घालण्याची सोय असते, त्यामुळे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मात्र त्याबरोबर पुशरॉड दोन मि.मी. लांब करावे लागले आणि सिलिंडरच्या स्टडला नट धरण्याइतके आटे शिल्लक राहतात का तेही पाहावे लागले.

पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. पाच-सहा रॉड त्यांनी नाकारले. एक अगदी नव्यासारखा होता, पण त्याच्या कॅपला तेल उडवायचा चमचा होता. तो फवाऱ्याने तेल घेणाऱ्या इंजिनाचा. आमच्या इंजिनात पंपाने दाबून तेल येते आणि रॉडच्या पोटातल्या छिद्रातून ते गजन पिनपर्यंत चढते. चमच्याच्या रॉडला ते छिद्रच नव्हते. बसवला असता तर वरचा बुश कोरडा पडला असता. दुसऱ्या एका रॉडच्या कॅपवरचा नंबर आणि रॉडवरचा नंबर जुळत नव्हता. रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र आवळून एकाच वेळी बोअर करतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली किंवा तीच कॅप उलटी बसवली, तरी भोक गोल राहत नाही. आमच्या पहिल्या रॉडवर नंबर कोणी पाहिलेच नव्हते.

पसंत पडलेला रॉड ३५० रुपयांना मिळाला. घरी आणून त्यांनी तो रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, सकाळी कोरडा पुसला आणि वर खडू फासला. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. आमच्यासमोर त्यांनी अशाच दुसऱ्या एका रॉडवर केसासारखी रेघ दाखवली, बोल्टाच्या बैठकीच्या कोपऱ्यात. मोठ्या कारखान्यांत हे काम चुंबक आणि लोखंडाच्या बारीक भुकटीने करतात. मग दोन्ही तोंडांत सरळ दांडे घालून सपाट प्लेटवर रॉड वाकलेला किंवा पिळलेला नाही ना ते पाहिले.

इतर मापांची जुळवाजुळव अशी झाली. आमची गजन पिन २८ मि.मी., नव्या रॉडची ३०. तेथे जाड भिंतीचा पितळी बुश करून, तेलाचे छिद्र जुळवून, रीमर मारला. (काही मिस्त्री बुशचे भोक मुद्दाम मध्यापासून सरकवून रॉडची लांबी अर्धा मिलिमीटर कमीजास्त करतात. ही युक्ती खरी आहे, पण बुश एका बाजूला पातळ पडतो आणि फिरला तर लांबीही फिरली. उस्तादांना ती आवडत नसे.) मोठे तोंड एक मि.मी. रुंद होते, ते दोन्ही अंगांनी अर्धा अर्धा मि.मी. फेस केले. क्रँकचे काम सोपे निघाले. वितळलेल्या बेअरिंगने तो नाहीतरी ओरखडला होताच. भोसरीत तो अर्धा मि.मी. ग्राइंड करून ५७ वर आणला आणि नव्या रॉडचे तयार बेअरिंग तसेच बसले. ग्राइंडिंगवाल्याला त्यांनी दोनदा बजावले की पिनच्या दोन्ही कोपऱ्यांतली गोलाई ठेवायची, धार काढायची नाही. क्रँक तेथूनच फुटतो.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट किती असावी, याचा त्यांचा ठोकताळा सोपा होता. दर इंचाला एक थाव, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ५७ मि.मी. म्हणजे सव्वादोन इंच, तर फट सव्वादोन थाव. माणसाच्या केसाएवढी! या फटीत तेलाचा पडदा राहतो आणि चार टन त्यावर तरंगतात. साडेचारशे गणवेशांची कापणी मोजपट्टीने करणाऱ्या आमच्यासारख्याला हे ऐकून स्वतःची लाज वाटली.

बोल्ट मात्र त्यांनी जुने वापरलेच नाहीत. त्या रॉडचेच, कंपनीचे नवे, आणि टॉर्क पान्याने आवळलेले. हातात पाना घेऊन "बसला" म्हणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. रॉडवर कोठेही फाइलचा आडवा ओरखडा राहिला तर तो उभ्या दिशेने घासून काढत, पंचने नंबर ठोकायचा तर कडेच्या जाड भागावर, मधल्या दांड्यावर कधीच नाही. रॉडला वेल्डिंग करणाऱ्याविषयी ते जे बोलत ते येथे छापता येणार नाही.

शेवटी पिस्टनवर शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवले, पिनच्या रेषेत दोन बाजूंना. हेड आवळले, चाक हाताने एक फेरा फिरवले, हेड उघडले. चेपलेल्या तारा मोजल्या. १.१ आणि १.१. दोन्ही बाजू सारख्या म्हणजे रॉड सरळ, आणि १.१ म्हणजे जागा बरोबर. उस्तादांनी तारा वहीत चिकटपट्टीने लावून ठेवल्या.

एकूण खर्च ६४०० रुपये. नवे इंजिन आम्हाला तेव्हा तीस हजारांच्या वर पडले असते. गणवेश १४ जूनला पोचले, बिलातून कापून घेतले गेले, आणि ते योग्यच होते.

जगात काय चालते

आम्हाला वाटले होते की एकाचा रॉड दुसऱ्याला हा गरीब देशांचा उद्योग आहे. तसे मुळीच नाही. अमेरिकेत शर्यतीच्या मोटारी बनवणारे हेच करतात आणि त्यावर त्यांचे मोठे बाजार उभे आहेत. शेव्हरोले कंपनीच्या लहान व्ही-८ इंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ३५० घनइंची इंजिनाचा स्ट्रोक ३.४८ इंच, रॉड ५.७ इंच. १९७० साली कंपनीने ४०० घनइंची काढले, स्ट्रोक ३.७५ केला आणि रॉड ५.५६५ इंचांवर आणला. स्ट्रोकमधल्या फरकाचा निम्मा भाग काढला तर ०.१३५ इंच येतो, आणि रॉड नेमका तितकाच आखूड केलेला. उस्तादांच्या वहीतला पहिला हिशेब! नंतर शर्यतवाल्यांनी ४०० चा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये घातला, काहींनी रॉड जुना लांबच ठेवला आणि त्यासाठी पिन तेवढीच वर असलेले पिस्टन बनवून घेतले. तेथेही फसायची जागा आहे. त्याच कंपनीने १९६८ साली क्रँकपिन २ इंचांवरून २.१ इंच केली. बाहेरून सारखे दिसणारे दोन रॉड, पण एक दुसऱ्याच्या क्रँकवर बसत नाही.

आपल्याकडे जीपवाल्यांनी हे फार केले. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे टाकायचे, मग त्याला मिळेल ते सामान. (ज्या महिंद्र कंपनीच्या जीपा घाटात फिरल्या तिचे १९४५ सालचे मूळ नाव महिंद्र अँड मोहम्मद असे होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले.) वाहनांच्या बाबतीत मात्र आता हात आखडता घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असा निकाल दिला. इंजिनच्या इंजिन बदलायचे असेल तर आधी आर.टी.ओ.त विचारावे.

नव्या गाड्यांच्या रॉडविषयीही सावध राहावे लागेल. १९९० नंतर अनेक कारखान्यांनी कॅप करवतीने न कापता रॉड एकसंध बनवून मग तो तोडायची पद्धत घेतली. तुटलेले खडबडीत काठ एकमेकांत असे बसतात की दुसरी कॅप त्यावर कधीच बसणार नाही. जुन्या रॉडचे भोक लांबट झाले तर कॅपचे काठ घासून, पुन्हा आवळून, गोल होन करता येते. या नव्या रॉडवर तो इलाज चालत नाही. नाना पेठेतले आजचे मिस्त्री ते ओळखतात, पण खेड्यातले सगळेच ओळखतात असे आम्हाला आढळले नाही.

खरे तर या पुण्यात रॉडची वाण पडायला नको. मुंढव्याला १९६१ साली नीळकंठराव कल्याणींनी स्थापन केलेल्या भारत फोर्जमध्ये क्रँक आणि कनेक्टिंग रॉड घडतात आणि जगभर जातात. तापलेला पोलाद हातोड्याखाली साच्यात दाबला की त्याचे तंतू रॉडच्या आकाराने वळतात, म्हणून घडीव रॉड टिकतो. पत्र्यातून कापलेला किंवा ओतलेला रॉड दिसायला तसाच, पण त्याचे तंतू तसे नसतात. पण बंद पडलेल्या इंजिनाचे पन्नास रॉड कोणी घडवणार नाही. तेथे उस्तादच लागतो. त्यात १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटर संचांना धुराचे कडक नियम लागू झाले, नवे संच महाग पडू लागले आणि जुनी इंजिने जपण्याकडे लोकांचा कल वाढला. हे काम वाढणार आहे. आपल्या घरांतली जी मुले गॅरेजमध्ये हाताखाली काम करतात, त्यांनी आय.टी.आय.चा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करावा असे आम्ही त्यांच्या वडिलांना सांगतो. वडील म्हणतात, हाताचा हुनर कागदावर येत नाही. येतो. आम्ही तो चौकटीच्या वहीत पाहिला आहे. उस्तादांच्या हाताखाली तयार झालेले दोघे आज स्वतःचे दुकान चालवतात, पण माप लिहून ठेवणारा त्यातला एकच.

ते इंजिन पुढे पाच वर्षे चालले. २०१४ साली आम्ही कारखाना पुण्यात हलवला तेव्हा विकायला काढले. मुळशीच्याच एका भातगिरणीवाल्याने पाहिले, चालवून ऐकले, पसंत केले. माल विकताना ऐब सांगावा हे वडिलांनी शिकवलेले, म्हणून आम्ही सांगितले की रॉड दुसऱ्या इंजिनाचा आहे, सिलिंडरखाली पट्टी आहे, पुशरॉड लांब केलेले आहेत. त्यांनी लगेच दीड हजार कमी केले. आम्ही कबूल झालो आणि उस्तादांच्या वहीच्या चार पानांची झेरॉक्स, शेजारी मराठीत मापे लिहून, त्यांच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तिसऱ्या पानावर कोपऱ्यात उर्दूत एक ओळ राहून गेली होती, ती काय आहे, असे ते विचारत होते. आम्ही वही काढून वाचून दाखवली : दर दोनशे तासांनी ऑईल बदलणे.